एक्स्क्लूडचा ग्रुप फोटो

एक्स्क्लूड हे इंग्रजी क्रियापद एकतीस मे रोजी तालुक्याच्या कचेरीतून नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाले. त्याच्या जागी ‘वगळणे’ आदल्याच दिवशी रुजू झाले होते, आणि टेबलाचा खण नीट लागत नाही अशी लेखी तक्रारही त्याने करून ठेवली होती.

निरोपसमारंभाला निवृत्त हेडक्लार्क पांगारकर मुद्दाम आले. चौतीस वर्षे त्यांनी एक्स्क्लूडकडून काम करून घेतले होते. त्याचा अर्थ बाहेर ठेवणे आणि उपयोग अगदी सोपा. यादीतल्या नावापुढे त्याला उभे केले, की माणूस बाहेर. सहलीच्या यादीतून दोन विधवा टायपिस्ट, घरांच्या यादीतून अर्धी कुंभारवाडी. एक्स्क्लूड स्वतः मात्र दाराबाहेरच्या स्टुलावर बसे. ते आत आले तर कोणाला तरी बाहेर जावे लागे, म्हणून त्याला आत कोणी बोलावले नव्हते.

“काय हवं बोला. शाल की घड्याळ?” साहेबांनी एक्स्क्लूडला विचारले.

“एकदा ग्रुप फोटोत घ्या, साहेब.”

घेतले. फोटोत साहेबच नव्हते.

“आपण हललात, साहेब,” फोटोग्राफर म्हणाला.

“मी कधी हलतो का?” साहेब खुर्चीतून म्हणाले. ते कचेरीत सर्वांना मान्य होते.

दुसऱ्या फोटोतून आवक-जावकच्या मोहितेबाई गेल्या. “मेलं, पैठणी नेसून आले ती काय उगाच?”

एक्स्क्लूड उठले. “राहू द्या. बाहेरची सवय आहे.”

“बसा हो तिथंच,” पांगारकर म्हणाले. “कोणीतरी बाहेर लागतं, एवढंच ना?” आणि ते जाऊन दाराबाहेरच्या स्टुलावर बसले.

स्टूल मधोमध झिजले होते. तिथून त्यांची जुनी खुर्ची दिसत होती, करकरणारा पंखा, एकमेकांना सरकून जागा देणारी माणसे. आपली कचेरी इतकी हवीहवीशी दिसते, हे चौतीस वर्षांत त्यांना कळले नव्हते.

आत फ्लॅश उडाला. या खेपेला सगळे आले होते, मधोमध हार घातलेले एक्स्क्लूड.

“झालं, भाऊसाहेब! या आत, वडे गार होतायत,” त्याने हाक मारली.

पांगारकर उठले आणि पुन्हा बसले. “तुम्ही निवांत खा. तुम्ही आत आहात तोवर मी आहे इथं.”

थोड्या वेळाने उंबरठ्याच्या आतून एक बशी पुढे आली. एक्स्क्लूडने ती स्वतः आणली होती.

“चटणी तिखट आहे, भाऊसाहेब. जपून.”

बाहेर बसलेल्याला हे आतून कोणी सांगत नाही, हे त्याला ठाऊक होते.