धोंडूकाकांची तहानलेली वेल

भर पावसात छत्री वेलीच्या बुंध्यावर धरून स्वतः भिजत उभा राहणारा माणूस पोलादपुरात एकच, आमचे शेजारी धोंडूकाका. साठ सालच्या आसपास त्यांनी परसात द्राक्षाची वेल लावली. श्रावणात आमच्या भिंतींनासुद्धा शेवाळ धरतं, तिथे द्राक्षं! मी धंद्याने शिंपी; कापडाचं माप घेतो, सल्ल्याचं घेत नाही.

"काका, कुजेल ती," मी सांगून टाकलं.

काकांनी बुंध्याशी दगडमातीचा उंचवटा रचला, पाणी निघून जायला भोवती चर खणले. वेल जगली. मी सल्ला देतच राहिलो.

पाऊस सरला की काकांचं उलटंच सुरू. बोटाने माती उकरायची, मुठीत दाबायची. गोळा झाला तर म्हणायचे, "वल हाय अजून. आज पानी नाय." गोळा फुटला तरच तांब्याभर. पहिल्या बहराला या चिकटपणापायी सगळे मणी सुकून गळाले.

"वाईच जास्तच तहानवली," एवढंच म्हणाले.

मग मीच करून दाखवायचं ठरवलं. त्यांच्याच वेलीची काडी लावली आणि रोज घागरभर पाणी घातलं. वेल छपरावर चढली. गिऱ्हाइकं शिवलेले कपडे विसरून वेल बघत बसायची. टपोरे घड लागले तेव्हा मी बाजारपेठेत छाती काढून फिरलो. पिकायला लागले आणि निम्मे मणी तडकले. उरलेले बायकोने चाखले.

"विहिरीचंच पाणी ना हे? मग चावायचं कशाला?"

त्या वर्षी काकांच्या वेलीला दोनच घड आले, बारीक मण्यांचे. चव बघायला मिळेल म्हणून मी लाळ गिळत त्यांच्याकडे गेलो.

काकू नाशकाकडच्या, द्राक्षमळेवाल्यांची लेक. दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या, कुणाला धड ओळखतही नसत. काका खाटेशी बसून एकेक मणी त्यांच्या ओठांत ठेवत होते. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

काकूंनी डोळे मिटून सावकाश चावलं.

"आबा येऊन गेले का?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या वडिलांना जाऊन कैक वर्षं झाली होती. काका त्यांच्याकडे वाकले.

"व्हय गो. आत्ताच गेलं. तू निजली व्हतीस, म्हनून उठवली नाय."

"जेवले ना?"

"जेवलं. पोटभर," काका म्हणाले आणि खाली मान घालून घडातला पुढचा मणी शोधू लागले.

मी चपला हातात घेऊन बाहेर पडलो.