विमानाला पावडर लावणारे देवरावकाका

देवरावकाका विमानाला पावडर लावतात. अंगाला लावायचीच, गुलाबी डब्यातली. नागपूरच्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये मी कारकून आहे आणि काका तिथले मेकॅनिक. पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हाताऱ्याने दोन सीटच्या विमानाला बाळ समजून न्हाऊमाखू घातलंय. मग कळलं की इंजिन लख्ख धुवायचं, वर पावडर भुरभुरायची आणि पाच मिनिटं चालवायचं. जिथे पावडर ओली, तिथे तेल गळतंय.

गळतीखेरीज त्यांना विषय नाही. माझ्या चहाच्या कपाखाली ओलं वर्तुळ दिसलं तरी विचारतात, "हे कुठून येऊन राहिलं?"

परवा लकडगंजची पूर्वा पहिल्यांदा एकटीने विमान उडवणार होती. संचालकांनी पाहुणे, हार, माइक आणि स्वतःचं भाषण असा थाट मांडला. इंजिनाच्या बुडाशी तेल दिसलं, तेव्हा पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून त्यांनी ते स्वहस्ते पुसलं आणि कौतुकाने काकांना सांगितलं.

"काहून पुसलं साहेब? आता कोणाले विचारू, कुठून आलं म्हणून?"

"अहो, थेंबभर होतं."

"थेंबच तापल्या सायलेन्सरवर पडला, त वर आग लागते. वर कोण हाय? पोरगी हाय."

काकांनी पुन्हा इंजिन धुतलं, पावडर टाकली, चालवलं. कुठेच ओलं नाही. संचालकांनी माइक उचलला.

"अजून एक डाव," काका म्हणाले.

पूर्वा नखं खात बसली. दुसऱ्या खेपेलाही सगळं कोरडं. तिसऱ्या खेपेला एका सिलिंडरच्या झाकणाखाली तांदळाएवढी रेघ ओली झाली. आतलं गॅस्केट, म्हणजे तेल अडवणारी सांध्यातली पट्टी, चिरलं होतं. ते बदलून, पुन्हा दोनदा तपासून होईपर्यंत पाहुणे हारासकट निघून गेले होते.

"काका, जाऊ ना?" पूर्वाने विचारलं.

"जाय वं."

विमान उठलं. सगळ्यांच्या माना वर. काका मात्र धावपट्टीकडे पाठ करून, हँगरच्या पत्र्याला कपाळ टेकून, डोळे मिटून आवाज ऐकत उभे.

"काका, पाहा तरी!"

"माह्याच्यानं नाही पाहवत बापा. इतक्या वर्षांत एकही उड्डाण पायलं नाही. तू पाय अन् मले सांग."

दहा मिनिटं मी सांगत राहिलो: वळली, खाली येतेय, टेकली.

"चाकं थांबली?"

"थांबली."

तेव्हा ते वळले. एरवी विमान थांबताच ते आधी इंजिनात डोकं घालतात. आज इंजिन ओलांडून सरळ पूर्वापाशी गेले. ती आनंदाने काहीबाही बोलत होती. त्यातलं एक अक्षर त्यांनी ऐकलं नसावं.

"सकाळपासून काही खाल्लं नाही तुनं," ते म्हणाले. "चाल, माह्या डब्यात दोन पोळ्या हायेत."