वर्तमानकाळ वगळून

इंग्रजीतली नियमित क्रियापदं ही जगातली सर्वांत सुस्वभावी क्रियापदं होत. भूतकाळ हवा असेल तर मागे 'एड' जोडावा, भविष्यकाळ हवा असेल तर पुढे 'विल' उभं करावं. क्रियापद तक्रार करत नाही. अडचण एकाच ठिकाणी येते. वर्तमानकाळात 'तो' किंवा 'ती' आली की क्रियापदाच्या शेपटाला एक 'स' लावावा लागतो. का लावावा, हे कोणालाही ठाऊक नाही. (शिक्षणखात्याला विचारून पाहिलं. त्यांनाही नाही.)

आमच्या नॉरफकमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या पूर्वेकडच्या परगण्यात, हा 'स' पहिल्यापासूनच नाही. आमच्याकडे 'शी वर्क', 'ही वॉन्ट', 'इट रेन'. बाकीच्या इंग्लंडला यात अडाणीपणा दिसतो, आम्हाला काटकसर दिसते. मी काम करतो तेव्हा 'स' नाही, तुम्ही करता तेव्हा नाही, सगळे मिळून करतात तेव्हाही नाही. मग एकट्या बाईनेच का शेपूट वागवावं? नियमितपणाच म्हणाल, तर आमच्याइतकी नियमित क्रियापदं राजवाड्यातसुद्धा सापडणार नाहीत.

आमच्या साल्टरशम गावात मेथडिस्ट चॅपलच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी संध्याकाळी परदेशी कामगारांसाठी इंग्रजीचा फुकट वर्ग भरतो. चालवते मेव्हिस लार्टर, पोस्टातून निवृत्त झालेली. शिकायला येतात कोंबड्यांच्या कारखान्यातले लिथुआनियन आणि पोर्तुगीज. मेव्हिस फळ्यावर 'स' लिहिते, कारण पुस्तकात तो आहे. तोंडाने म्हणत नाही, कारण तोंड नॉरफकचं आहे. विद्यार्थी फळ्यावरून शिकले. परिणामी गावात 'स' अचूक लावणारी माणसं आज फक्त लिथुआनियन आणि पोर्तुगीज आहेत. (पाद्रीबाबाही लावतात, पण ते बाहेरगावचे.)

अशात वरून कळवण्यात आलं की तपासनीस येणार आहेत, आणि शिक्षिकेचीच क्रियापदं वाकडी आढळली तर वर्ग बंद होईल.

मेव्हिसला तयार करण्याचं काम झिविले या विद्यार्थिनीकडे सोपवण्यात आलं. पण सत्तर वर्षं कोंडलेला 'स' एकदा सुटला तो आवरेना. मेव्हिसने तो 'मी'ला लावला, 'आम्ही'ला लावला, 'गुड मॉर्निंग'लाही लावला.

"मेव्हिसबाई, फक्त 'तो' आणि 'ती'ला लावायचा हो! तुम्ही सगळ्या गावाला लावलात आणि नेमकं त्यांनाच विसरलात," झिविले म्हणाली.

"अगं पोरी, या वयात जिभेला कसल्या शेपट्या लावतेस? होऊ दे बंद तो मेला वर्ग!" असं म्हणून मेव्हिस चहाच्या खोलीत गेली, किटली चालू केली आणि तिच्या आवाजाआड रडली. हे दुःख मात्र खरं होतं. नवरा गेल्यापासून मंगळवार हाच तिचा दिवस होता. बाकीचे नुसते वार होते.

तेव्हा गावाने रीतसर समिती नेमली. अध्यक्ष पबवाला डेरेक बन, चिटणीस मी, तज्ज्ञ झिविले. समितीने सर्व काळांची कसून छाननी केली. भूतकाळात 'स' नाही. भविष्यकाळात 'स' नाही. रोग एकट्या वर्तमानकाळात आहे. सबब, तपासनीस गावात असेपर्यंत वर्तमानकाळ बंद ठेवावा, असा ठराव एकमताने संमत झाला. (चालू वर्तमानकाळात 'इज'वर भागतं, असं डेरेकने सुचवलं. पण 'इज' म्हणून तो स्वतःच पुढच्या वाक्यात घसरला, म्हणून त्या आवारातच पाऊल टाकायचं नाही असं ठरलं.)

तपासनीस क्विल्टरसाहेब लंडनचे, अतिशय सभ्य गृहस्थ. आधी ते पबमध्ये जेवायला गेले.

"सूप गरम आहे का हो?"

"होतं," डेरेक म्हणाला. "होईल."

(यासाठी डेरेकला वेगळी तयारी करावी लागली नव्हती.)

थांब्यावर त्यांनी विचारलं, "ही बस नॉरिचला जाते का?" "जायची," एक आजोबा म्हणाले, आणि साहेबांचा चेहरा पडलेला पाहून घाईने पुढे म्हणाले, "जाईल, जाईल!"

संध्याकाळी साहेब वर्गात आले. "हा वर्ग कोण चालवतं?"

"मेव्हिसबाई चालवायच्या!" सगळा वर्ग एका सुरात.

"बरं. आणि आता?"

"चालवतील!"

साहेब मेव्हिसकडे वळले. "बाई, तुम्हीच इथे शिकवता ना?"

इथे खरं तर धोका नव्हता. 'मी'ला 'स' लागत नाही. पण मेव्हिसचा आता कोणावरच भरवसा उरला नव्हता. "शिकवलं हो साहेब, पुष्कळ शिकवलं," ती म्हणाली. "आणि देवाने हातपाय धड ठेवले तर शिकवीनसुद्धा."

साहेब बराच वेळ बिस्किट चहात बुडवत बसले. मग म्हणाले, "बाई, तुमची क्रियापदं निर्दोष आहेत. आता प्रश्न वर्गाचा. तो होता, हे सिद्ध झालं. तो होईल, याचीही खात्री पटली. सध्या मात्र इथे वर्ग असल्याचं मला कोणीच सांगितलेलं नाही. आणि जो वर्ग नाही तो बंद करण्याचा मला अधिकार नाही." एवढं बोलून ते होत्या किंवा होणाऱ्या बसने परत गेले.

तेव्हापासून सरकारदरबारी अस्तित्वात नसलेला हा वर्ग उत्तम चालतो. नसलेल्या वर्गाची तपासणी होत नाही. मेव्हिस मनसोक्त, 'स'शिवाय शिकवते, आणि मंगळवारी तिच्या गालावर रंग चढतो. गावालाही हे व्याकरण इतकं मानवलं की समिती बरखास्त झाल्यावरही बऱ्याच जणांनी वर्तमानकाळ परत नेलाच नाही. डेरेकने सिगारेट सोडली होती आणि तो सोडणार आहे.

तुम्हाला हसू येणं साहजिक आहे. वर्तमानकाळावाचून कोणी जगतं का, असं तुम्हाला वाटत असेल. मग एवढं सांगा: तुम्ही सकाळी फिरायला जाता? आईला फोन करता? 'जायचो' आणि 'सोमवारपासून जाईन', 'करायचो' आणि 'करीन', ही रूपं अगदी बिनचूक आहेत, त्यांचे पूर्ण गुण. पण ही क्रियापदं नियमित आहेत ना? मग मधलं रूप तेवढं म्हणून दाखवा.