कदमकाकांची हलकी बॅटरी

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले कदमकाका हातात येईल ती वस्तू ताणकाट्याला लटकवून पाहतात. कोथिंबिरीची जुडी असो, नाहीतर माझं हेल्मेट. कंपनीत तीस वर्षं क्वालिटीला काढली, त्याचा हा परिणाम. "वजन कमी, आयुष्य जास्त," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

सगळी हौस मात्र जुन्या लाल गाडीची. तिची मागची सीट त्यांनी केव्हाच काढून टाकली. यंदा त्यांना हलक्या बॅटरीचं वेड लागलं. संत तुकाराम नगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे हसायचे. सर्वांत मोठ्याने मी.

एका शनिवारी ते मला काळेवाडीतल्या बॅटरीच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने विचारलं, "काका, एवढी हलकी कशाला?"

"रेसमध्ये उतरतायत!" मी म्हणालो. दुकान हसलं. काकाही हसले.

मग त्यांनी लिथियमची बॅटरी डाव्या हातात घेतली आणि दुकानाच्या पायऱ्या तीनदा चढून उतरले. "जमतंय," स्वतःशीच म्हणाले.

"काका, हे काय?"

"अरे, गाडी आठवडाभर उभी असते, बॅटरी उतरते. खाली प्लग नाही, म्हणून चार्जिंगला घरी न्यावी लागते. लिफ्ट नाही, तिसरा मजला. उजवा खांदा गेलाय माझा. जुनी नेताना दोनदा बसावं लागतं. गेल्या आठवड्यात नेलीच नाही, अन् रविवारी गाडी सुरू झाली नाही."

तो रविवार मला आठवला. अर्धांगवायूनंतर काकू काठी टेकत तीन मजले उतरतात, ते फक्त रविवारच्या फेरीसाठी. त्या दिवशी त्या ठेवणीतली साडी नेसून गाडीत बसल्या होत्या. मी बॉनेटवर थाप मारून म्हणालो होतो, "काय काका, रेस कधी?" आणि निघून गेलो होतो.

"त्या दिवशी धक्का मारायला सांगायचं ना मला," मी कसाबसा म्हणालो.

"तू घाईत होतास," काका म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. तेच जास्त लागलं. "ही तासभर बसून होती. म्हणाली, राहू द्या, इथूनही रस्ता दिसतो."

मी खाली मान घालून बॅटरी घ्यायला हात पुढे केला.

"असू दे," ते म्हणाले, "ही मला उचलवते."