गजाकाकांना वाईट होता येईना

अपमान करण्याआधी माफी मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गजाकाका.

ते आखातात, मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनरीत वेल्डर. शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी हवल्लीतल्या एका इमारतीच्या तळघरात आपल्याकडच्या मराठी मुलांना जमवत. कुणाला शाळेत रंगावरून चिडवलेलं असे, कुणाला परक्या देशाचा म्हणून दुकानातून हुसकावलेलं. गजाकाका चिडवणारा होत आणि मुलानं न रडता, शिवी न देता उत्तर द्यायचं. याला ते 'तालीम' म्हणत. माझी पत्नी गेल्यावर मी माणसांत जाणं टाकलं होतं. "मास्तर, पुस्तकां तुमका जेवक घालतली?" असं म्हणत त्यांनी मलाही तिथं ओढलं आणि खुर्च्या मांडायला लावलं.

अडचण एवढीच, की गजाकाकांना वाईट होता येत नसे. "माफ कर हां, आता मी वायट होतंय," असं बजावून ते भुवया चढवत, दोन पावलं अंगावर येत आणि म्हणत, "ए... ए... जेवलंस मां?" पोरं हसून लोळायची.

रुबीना मात्र त्या दिवशी हसत नव्हती. तिचे वडील रत्नागिरीकडचे, हवल्लीत बकाला, म्हणजे वाणसामानाचं दुकान, चालवणारे. सतरा वर्षांची, आवाज खणखणीत, म्हणून मराठी मंडळाच्या कार्यक्रमाचं निवेदन तिला मिळालेलं. पण समितीतल्या एक बाई म्हणाल्या, स्टेजवर उजळ मुलगी बरी दिसते. तू पडद्यामागून बोल.

"मी नाव काढून घेते, काका. इट्स ओके."

"काय ओके नाय. उभी ऱ्हव!"

काकांनी टॉवेलचा पदर घेतला, समितीच्या बाई झाले, ठुमकत आले आणि खुर्चीला अडखळले. "गो बाय, तुझो... तुझो आवाज बरो आसा."

"काका, रंग म्हणा! रंग!" पोरं ओरडली.

"होय तर. तुझो रंग..." आणि त्यांना ठसका लागला. सात वेळा तेच. शेवटी रुबीनालाच हसू फुटलं. तिनं टॉवेल हिसकावला, स्वतःच बाई होऊन ते रंगाचं वाक्य नाकातून म्हटलं, मग टॉवेल फेकून ताठ उभी राहिली. "बोलेन तर समोरून. नाहीतर दुसरी शोधा."

पोरांनी शिट्ट्यांनी तळघर डोक्यावर घेतलं.

बाईंनाही तिनं तसंच सांगितलं. बाईंनी दोन दिवस दुसरी शोधली. न अडखळता मराठी बोलणारी मुलगी अख्ख्या मंडळात तीच एक निघाली!

कार्यक्रमाच्या दिवशी रुबीना समोर उभी राहिली, टाळ्या झाल्या, आणि गजाकाका उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेलो. ते टेलिफोन बूथमध्ये नुसतेच उभे होते.

"मास्तर, ता वाक्य माझ्या तोंडातून येईना, कारण मी ता एकदा खराखुरा बोललंय. माझ्या पोरीक, सुमनक. स्थळ येवचा होता. हयसून क्रीम धाडलंय आणि फोनवर म्हटलंय, ह्या लाव, तुझ्या रंगाक कोण पसंत करतलो?"

चार वर्षं ती त्यांच्याशी बोलली नव्हती.

त्यांनी गावचा नंबर फिरवला. बायकोला म्हणाले, "तिच्या कानाक लाव. बोलली नाय तरी चलात." मग रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"सुमन, मी चुकलंय गो बाय."

पलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. मी हळूच विचारलं, "ठेवला?"

त्यांनी रिसीव्हरवर तळवा धरला.

"नाय," ते कुजबुजले. "आयकता."