शेट्ये सरांच्या खोलीतला श्वास

शेट्ये सरांच्या खोलीत श्वास सोडायला बंदी होती. घ्यायला हरकत नव्हती. सोडायचा झालाच तर तोंड दाराकडे फिरवायचं. सर स्वतः बोलायचे तेही भिंतीकडे तोंड करून. नव्या माणसाला वाटायचं, भिंतीचं काहीतरी चुकलंय.

मी हिंगोलीकडचा. सातवीत शाळा सुटली आणि पोटामागे फिरत फिरत रत्नागिरीच्या कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई झालो. माझ्या आधीच्या शिपायाने दिवाळी आली म्हणून सरांच्या चांदी चढवलेल्या काचा रांगोळीने घासून लख्ख केल्या होत्या. चांदी गेली, काच राहिली. त्याला लायब्ररीत धाडलं आणि जागा मला मिळाली. त्यामुळे मी कशालाच हात लावायचो नाही. इथून काढलं तर एवढ्या लांबून कुठल्या तोंडाने परत जायचं, ही धास्ती. सरांना नेमकं तेच आवडलं. प्रिन्सिपॉलना म्हणाले, "हा घाबरतो. याला ठेवा." त्या एका वाक्यावर माझी पोरं शिकली.

सरांचं काम असं. तिकोनी काचेच्या बुडाला चांदीचा इतका बारीक थर, की त्यातून पलीकडचं दिसावं. काचेतून लेसरचा लाल उजेड सोडायचा. तो चांदीवर आपटून समोरच्या पांढऱ्या कागदावर पडायचा. मग काच हळूहळू फिरवायची. एका ठरावीक कोनाला कागदावर एकदम काळोख. उजेड चांदीच गिळून टाकते, सर सांगायचे. आता त्या चांदीवर काहीही असलं, अगदी एका रेणूच्या जाडीचं, तरी तेवढाच भाग कागदावर उजळतो. जे कुठल्या डोळ्याला दिसायचं नाही, त्याचं चित्र. ही युक्ती तेव्हा परदेशात नुकती निघाली होती. सरांनी मासिकात वाचून ती जुन्या सामानातून जुळवली होती.

पाण्यावर औषधाचा थेंब पसरून त्याची एका रेणूच्या जाडीची साय ते चांदीवर उचलून घ्यायचे. साय सलग आली तर कागद सगळीकडे सारखा दिसायला हवा. तसा तो कधीच दिसला नाही. गजकर्ण झाल्यासारखे डाग. त्यात इथली हवा खारी. चांदी बघता बघता काळवंडायची.

"जाड आहे!" ही सरांची सगळ्यात मोठी शिवी. भाकरी जाड, पुढाऱ्याचं भाषण जाड, प्रिन्सिपॉलांचा विनोद तर फारच जाड. एकदा प्रिन्सिपॉल खोलीत येऊन मोकळेपणाने हसले. सर भिंतीला म्हणाले, "तुमचं हसू चित्रावर बसलं. आता उद्या या."

मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी आणायला गेले, की सर टोपलीकडे बघायचेच नाहीत. ट्रॉलरचं डिझेल पाण्यावर रंगीत पसरलेलं असे, तिथे वाकून उभे.

"मास्तर, मासा हिकडं हाय! पाण्यात काय हरवलं?" कोळीण ओरडायची.

"थर बघतोय."

"मग?"

"जाड आहे."

"मेल्याला सुरमई नको, तवंग हवा!" सगळा बाजार हसायचा. सर बांगडे घेऊन घरी. जेवल्यावर खोलीत शिरण्याआधी स्वतः चूळ भरायचे, मलाही भरायला लावायचे.

घर कॉलेजच्या मागेच. मी डबा आणायला जायचो. काकूंना दमा होता. दोन वाक्यं बोलल्या की उंबऱ्याला टेकायच्या.

"काय भाऊ, आलं का यांचं चित्र?"

"नाही काकू. डाग येतात."

"मला एकदा बघायचंय हो, हा माणूस दिवसभर कोणाचं तोंड बघत बसतो ते."

एकदा सर घरीच होते. म्हणाले, "साय सलग येऊ दे, मग नेतो तुला. आत्ता आलीस तर खोकशील आणि सगळं बिघडवशील."

काकू हसल्या, हसता हसता खोकल्या. "बघू. आधी साय येते की आधी मी जाते."

त्या थंडीत काकूच आधी गेल्या.

तेरावा झाल्यावर सर कॉलेजात आले. खोली उघडली, लेसर लावला, कोन जुळवला. कागद काळा झाला. मी सवयीने श्वास धरून दारात उभा होतो.

"आत ये."

आत गेलो. सर भिंतीकडे वळले नाहीत. माझ्याकडे बघून बोलले.

"डॉक्टर येईपर्यंत तिच्या नाकाशी काच धरून बसलो होतो. खिशात होती तीच, चांदीची. काही उमटलं नाही. इतकी स्वच्छ काच मला जन्मात मिळाली नव्हती."

बोललो असतो तर श्वास सुटला असता.

"हिच्यावर श्वास सोड," सर म्हणाले.

"सर, काच खराब होईल."

"होऊ दे रे."

मी वाकून हळूच सोडला. काळ्या कागदावर लाल ढग फुलला. कडा हलत होत्या, जिवंत असल्यासारख्या. मग तो आकसत, विरत गेला.

"एवढं तर तिला केव्हाही दाखवता आलं असतं," सर म्हणाले. "ती खोकली असती तरी दिसलं असतं. जास्तच चांगलं दिसलं असतं."

कागद परत काळा झाला. सर त्याच्याकडे बघत राहिले.

"अजून एकदा."

मी दार लोटून घेतलं आणि छाती भरून श्वास घेतला.