पान नऊवरून संजीवन गायब

दिघीपासून महाळुंग्यापर्यंतच्या पट्ट्यात तल्लख नजरेची माणसं किती, असं कोणी विचारलं तर मी नम्रपणे गप्प बसतो. स्वतःचं नाव स्वतः घेऊ नये, आणि दुसरं मला आठवत नाही. मी हरिहर सबनीस. भोसरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. माझा ‘ओके’चा शिक्का बसलेला एकही नग माझ्याकडे परत आला नाही. परत आलेले नग दुसरं खातं बघायचं. निवृत्तीनंतर मी सोसायटीतले गुन्हे सोडवतो. टाकीचं झाकण, बी विंगमधली डाव्या पायाची चप्पल, या तपासकथा दिघीत अजून सांगितल्या जातात. सांगतो मीच, पण सांगितल्या जातात.

त्या रविवारी दुपारी साडेतीनला सिद्धेश माझ्या दारात उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

“काका, संजीवन गेलं.”

“कधी? आणि मला कळवलं कसं नाही कोणी?”

“माणूस नाही हो, सामर्थ्य! माझ्या वैद्याचं!”

इथे थोडं थांबून सांगायला हवं. सोसायटीच्या क्लबहाऊसची किल्ली माझ्याकडे असते. तीन वर्षं दर रविवारी तिथे चार शिकलीसवरलेली माणसं एक खेळ खेळतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि कोण जिंकलं, कोण दरीत पडलं, हे फासे ठरवतात. गोष्ट सांगते अनुया. ती महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, आणि नियमांचं पुस्तकही तिनेच लिहिलंय. सिद्धेश वैद्य. बुद्धरत्न, जो हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासतो, तो वज्रबाहू नावाचा योद्धा. आणि शाळेत गणित शिकवणारा स्वानंद मांत्रिक.

मागच्या रविवारी वज्रबाहू पडला. या रविवारी खेळ सुरू होताच त्याला उठवलं नाही, तर सरळ दहन. नियमच आहे. उठवायचं ते वैद्याच्या ‘संजीवन’ सामर्थ्याने, दर मोहिमेत एकदा. आणि सिद्धेशची बदली चेन्नईला झालेली. आज रात्री आठची बस. हा त्याचा शेवटचा खेळ.

“जाताना बुद्ध्याला मेलेला सोडून जाऊ का काका?” सिद्धेश म्हणाला. “अनुयाने काढलेल्या नव्या पुस्तकात वैद्याच्या पानावर संजीवन नाहीच!”

“अनुयाला विचारलंस?”

“ती कंपनीत आहे. उद्या कस्टमरचं ऑडिट. मोबाइल गेटवरच्या पेटीत. पाच वाजता येईल आणि थेट सुरू करेल. आणि नियम विचारला की तिचं एकच उत्तर, पुस्तकात आहे.”

मी टोपी चढवली. उन्हाची होती, पण तपासाला चालते.

क्लबहाऊसमध्ये बुद्धरत्न टेबलावर डोकं टेकून बसला होता. खेळात मेलेल्या माणसाने तसंच बसावं असा काही नियम नाही. समोर जुनं पुस्तक आणि नवं पुस्तक. जुन्यात पान नऊवर वैद्याची चार सामर्थ्यं: जखम बांधणे, काढा, विष उतरवणे, संजीवन. नव्यात तीन. आणि चौथ्याच्या जागी, समासात, एक लहानसा त्रिकोण. त्रिकोणात आकडा, दोन.

मी भिंग काढलं. “ही गुप्त संघटनेची खूण आहे.”

“काका, असा त्रिकोण ड्रॉइंगवर असतो ना?” सिद्धेशने विचारलं.

“तू मेंटेनन्सचा माणूस. तुला काय माहीत?”

“ते खरंय. आम्ही ड्रॉइंग मागितलं की हरवलंय म्हणतात.”

“ड्रॉइंगवरचा त्रिकोण मी एकतीस वर्षं पाहिलाय. पुस्तकातला वेगळा. पुस्तकात तो धमकीचा असतो.”

पहिला संशयित समोरच बसला होता. मी स्वानंदकडे वळलो. “नव्या पुस्तकात मांत्रिकाची आग दोन फाशांवरून तीनवर गेली. खरं का?”

“खरं.”

“एकीकडे वैद्याचं सामर्थ्य नाहीसं होतं, दुसरीकडे मांत्रिकाची आग वाढते. ही वाढीव आग कुठून आली, सर?”

“आणि माझे पाच मंत्र तीनवर आले, ते नाही का सांगणार?” स्वानंद उसळला. “तो धुक्याचा मंत्र मी दीड वर्ष राखून ठेवला होता. वापरायच्या आधीच रद्द! मी रडलो का कोणापुढे?”

“वर्गात रडलास,” टेबलावरून बुद्धरत्नचा आवाज आला.

“तो खडूचा त्रास होता.”

स्वानंद निर्दोष ठरला. दुसरा संशयित झेरॉक्सवाला. मशीनने ओळ गिळली असणार. मी लगेच फोन लावला. तो म्हणाला, “काका, मशीन ओळ खात नाही, खाल्लं तर अख्खं पान खातं. आणि तुमची बी विंगची चप्पल सापडली का?” मी फोन ठेवला. साडेचार झाले होते.

आता एकच नाव उरलं. मी हात मागे बांधून दोन फेऱ्या मारल्या. “गुन्हेगार अनुया आहे. सिद्धेश सोडून चाललाय याचा तिला राग आलाय. जाणाऱ्याच्या हातातली ताकद तिने काढून घेतली.”

कोणी हसलं नाही. मला लोकांच्या हसण्याची सवय होती, त्यामुळे जरा चुकल्यासारखं झालं.

“ती असं करणार नाही,” सिद्धेश हळू म्हणाला.

“केलंय तर खरं भावा,” बुद्धरत्न म्हणाला. “आणि पंधरा दिवसांपूर्वी पुस्तक वाटलं तेव्हा ‘वाचले व समजले’ म्हणून सह्याही आपणच दिल्यात. कागद फिरला, आपण पोहे खात खात सह्या ठोकल्या.”

मलाही ते पोहे आठवले. शेंगदाणे जरा जास्त होते.

“पण वाचलं होतं ना तुम्ही?” मी दरडावलं.

“आपापलं पान वाचलं,” तिघं एकदम म्हणाले.

तेवढ्यात दार ढकलून बुद्धरत्नच्या आई, सुमनताई आल्या. हातात डबा. त्यांनी भोसरीत सव्वीस वर्षं असेंब्ली लाईनवर काढलेली.

“आठ दिवस झाले, पोरगं धड जेवत नाही. म्हटलं कोण मेलंय ते तरी बघून येऊ.”

“मीच मेलोय, आई.”

“बरं. मग जेवायला काय होतं?” त्यांनी डबा ठेवायला टेबलावर जागा केली. नवं पुस्तक उचललं. ते पालथं पडलेलं होतं, आणि शेवटच्या पानावर चहाच्या कपांचे तीन गोल उमटले होते. सुमनताईंनी पान पदराने पुसलं आणि चष्मा वर केला. “यात बदल कशाकशात केलाय ते लिहिलंय की. त्रिकोण एक, त्रिकोण दोन. आमच्या लाईनला नवं ड्रॉइंग आलं की सुपरवायझर आधी हाच तक्ता वाचायला लावायचा. न वाचता हात लावला तर बोलणी बसायची. तुम्हाला कोणी बोललं नाही वाटतं.”

मी भिंग खिशात ठेवलं.

सिद्धेशने मोठ्याने वाचलं. “त्रिकोण दोन. पान नऊवरचे संजीवन पान एकतीसवर हलवले. आता वैद्याऐवजी कोणत्याही सोबत्याला पडलेल्या गड्यास उठवता येईल. उठवणाऱ्याचे अर्धे प्राण खर्च होतील. बदलाचं कारण...” तो थांबला.

“वाच की,” स्वानंद म्हणाला.

“कारण, वैद्य चेन्नईला जात आहे. त्याच्यावाचून लाईन थांबू नये.”

सुमनताईंनी डब्याचं झाकण उघडलं, आणि आपण बाकीच्यांचा चेहरा बघत नाही असं दाखवायला सगळ्यांनी डब्यात बघितलं.

बरोबर पाचला अनुया आली. गळ्यात अजून कंपनीचं कार्ड. तिने फासे मांडले. “वज्रबाहूला कोण उठवतंय?”

सिद्धेशने तोंड उघडलं, पण हात स्वानंदचा वर गेला. “मांत्रिक. अर्धे प्राण.”

“तुझे एकूण अकराच आहेत रे,” बुद्धरत्न म्हणाला.

“साडेपाच घे. आणि वर्गातलं परत काढू नकोस.”

वज्रबाहू उठला. उठल्या उठल्या त्याने तीन चपात्या खाल्ल्या.

अनुयाने पुस्तक हातात घेतलं, चहाचे गोल पाहिले आणि तक्त्याखाली बोट ठेवलं. “तपासले कोणी, हे नाही वाचलंत?”

तक्त्याखाली चौकोन होता. ‘तपासले’. चौकोनात माझी सही. तारीख पोह्यांची.

“काका, मी म्हटलं होतं वाचून करा.”

“बाळ, रिकामा चौकोन दिसला की माझा हात थांबत नाही,” मी म्हणालो. गुन्हेगाराचं वय आणि पूर्वचारित्र्य पाहून मी त्याला समज देऊन सोडलं.

सातला सिद्धेश निघाला. जाताना त्याने वैद्याचा कागद माझ्यासमोर ठेवला. तीन वर्षांच्या खुणा, खोडलेले आकडे, कोपऱ्यात हळदीचा डाग. खाली एक रिकामी ओळ, ‘स्वीकारले’.

“वैद्य आता तुम्ही खेळा, काका.”

मी पेन काढलं. मग ठेवलं. कागद उलटला, दोन्ही बाजू वाचल्या, मग पुस्तकातलं पान नऊ, पान एकतीस, आणि शेवटचा तक्ता.

“साहेब,” सुमनताई म्हणाल्या, “करा आता सही. त्याची बस सुटेल.”